मागं माणूस!

रविवारी सकाळी सात वाजता ताईचा फोन आला तेव्हा काळजात चर्र झालं. एवढ्या लवकर फोन म्हणजे घरात कुणाचं तरी दुखणंखुपणं. पण तसलं काही नव्हतं. भाच्याला गोव्यातल्या एका क्लबनं ट्रायलला बोलावलं होतं, ट्रायल झाली, पोरगं निवडलं गेलं, आणि हे सगळं घरात न सांगता. ट्रायलच्या दिवशी साहेब कॉलेजच्या सहलीला गेले होते म्हणे.

भाचा एकोणीस वर्षांचा. मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यात खेळणारा. गेल्या सीझनला शाहू स्टेडियमवर सेमीफायनलला त्यानं लांबून जो गोल मारला, त्याचा व्हिडिओ कोल्हापुरात ज्याच्याकडं फोन आहे त्याच्याकडं आहे. चौकात त्याचं डिजिटल लागलं. (बाहेरच्यांसाठी सांगतो, तुम्ही ज्याला फ्लेक्स म्हणता त्याला आम्ही डिजिटल म्हणतो.) त्यावर नावाच्या वर मोठ्या अक्षरात 'फुटबॉल सम्राट'. एकोणिसाव्या वर्षी सम्राट! पुढं काय व्हायचं पोरानं?

ताईचं म्हणणं सरळ होतं. "इथं सगळ्या मॅच खेळतंय. लोक नावानं ओळखतात. तिकडं जाऊन बाकावर बसणार, आणि बी.कॉम.चं दुसरं वर्ष बुडणार. तू सांग त्याला. तुझं ऐकतो तो." सांग म्हणजे 'जाऊ नको' सांग, हे मला कळलं. पेठेतल्या लोकांनीही तिच्याकडं येऊन बसून चहा पीत हेच सांगितलं होतं. एकानं तर 'पेठ सोडून गेलेला परत पेठेचा राहत नाही' असंही ऐकवलं. मी पंधरा मिनिटं "हो ताई, बघतो ताई" केलं आणि फोन ठेवला.

मी त्याला जा म्हणून सांगणार होतो. पण ताईच्या बोलण्यातला बाकाचा मुद्दा डोक्यातून जाईना, कारण त्या बाकावर मी स्वतः बसलोय. या ब्लॉगवर फुटबॉलबद्दल इतकं लिहिलं, पण मुंबईतल्या माझ्या दोन वर्षांबद्दल कधी लिहिलं नाही. आता लिहितो.

आधी आमच्याकडचं. कोल्हापूरच्या संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. नावातच तालीम आहे, आखाड्याची माती आहे. त्यामुळं आमच्या फुटबॉलमध्येही कुस्तीची खुमखुमी आहे. अंगावर जाणं, टक्कर देणं, पडलं की लगेच उठणं. गॅलरीत हलगी, खाली मैदानात शिव्या, आणि पेठेची इज्जत एका कॉर्नरवर टांगलेली. पुण्यामुंबईच्या लोकांना हे सांगून खरं वाटत नाही. साध्या लीग मॅचला हजारो माणसं येतात म्हटलं की ते आयपीएल समजतात. हे सगळं मी ज्या प्रेमानं लिहितोय तेवढं खरंच आहे, कमी करून वाचू नका.

पण एक गोष्ट आहे. आमच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं तेच संघ, तीच पोरं. मला डाव्या पायानं पास देता येत नाही हे अख्ख्या गंगावेशीला माहीत होतं. समोरचा डिफेंडर माझ्याच वर्गात शिकलेला, त्यालाही माहीत. तरी माझं काही बिघडत नव्हतं, कारण तो माझ्यापर्यंत पोचायच्या आत मी बॉल उजव्या पायावर घेऊन मोकळा व्हायचो. माझी खोट सगळ्यांना दिसत होती, पण तिची किंमत वसूल करण्याइतका जलद कुणी नव्हता. मग ती खोट सुधारायची कशाला? एकविसाव्या वर्षापर्यंत ती तशीच सांभाळली मी, वडिलोपार्जित जमिनीसारखी.

२००४ साली मुंबईच्या एका कंपनीच्या संघात माझी निवड झाली. नाव सांगत नाही. खेळाडू म्हणून स्टायपेंड, पुढंमागं नोकरीत कायम करू असं आश्वासन. परळला लांबच्या चुलत्यांकडं राहायचो, पहाटे साडेपाचची लोकल पकडून सरावाला.

पहिल्या दिवशी वॉर्मअप झाल्यावर सगळे गोल करून उभे राहिले. मध्ये दोघं, बाहेरचे आठ जण बॉल फिरवणार, ज्याच्याकडून मधल्यानं बॉल काढला तो आत जाणार. हा खेळ कोल्हापुरातही आम्ही खेळायचो, हसतखिदळत. इथं मी वीस मिनिटं आत होतो. बाहेर यायचो, पहिलाच पास यायचा, बॉल जायचा, पुन्हा आत. तिसऱ्यांदा आत जाताना कुणी हसलंसुद्धा नाही, ते जास्त लागलं.

चूक काय होत होती ते मला आठवडाभर कळलं नाही. आमचं मैदान तेव्हा खडबडीत. बॉल कुठल्या खड्ड्यावर आपटून कुठं उडेल याचा नेम नाही, म्हणून लहानपणापासून सवय एकच: बॉल आला की तळव्याखाली दाबायचा. दाबला, मग मान वर, मग कोण कुठं आहे बघायचं, मग पास. चार कामं. कोल्हापुरात या चारही कामांना वेळ मिळतो. मुंबईत दुसऱ्या कामाच्या मध्यात बॉल पायाखालून गेलेला असायचा. नेणारा माणूस माझ्यापेक्षा फार जोरात पळत होता असंही नाही. तो माझा पहिला टच पडायच्या आधीच निघालेला असायचा.

आमचा कॅप्टन मडगावकडचा, पस्तिशीला टेकलेला, पोट थोडं सुटलेलं. पळण्यात मी त्याला कधीही मागं टाकलं असतं, पण त्याच्याकडून बॉल काढणं मला दोन वर्षांत जमलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यानं मला सराव संपल्यावर थांबवलं. दहा-बारा पावलांवरून एक जण मला पास देणार आणि कॅप्टन माझ्या पाठीमागं उभा. बॉल निघाला की तो हाताची बोटं वर करायचा. बॉल माझ्या पायाशी यायच्या आत मी मान वळवून बघायचं आणि किती बोटं ते मोठ्यानं सांगायचं. दोन. चार. एक. पहिल्या दिवशी बोटं बघितली की बॉल नडगीवर आपटायचा आणि बॉल नीट घेतला की बोटं चुकायची. तो मागनं ओरडायचा, "फाटीं पळय!" मला वाटायचं हा पळ म्हणतोय, म्हणून मी पळायचो. चार दिवसांनी कळलं, कोकणीत पळय म्हणजे बघ. मागं बघ.

कोल्हापुरातही आम्ही ओरडतोच की, "मागं माणूस!" पण आमच्याकडं ती ओरड म्हणजे मागच्या मित्रानं दिलेला इशारा. इशारा मिळाला नाही तर माणूस मागं आहे हे कळायचं नाही. कॅप्टनचं म्हणणं होतं की मागचा माणूस दाखवायला दुसरा माणूस लागत असेल तर तू अर्धाच खेळाडू.

पुष्कळ वर्षांनी कळलं की नॉर्वेच्या गेयिर योर्डेट नावाच्या प्राध्यापकांनी नेमका याचाच अभ्यास केलाय. इंग्लंडमधल्या मिडफिल्डरांवर वेगळा कॅमेरा लावून, बॉल मिळायच्या आधीच्या दहा सेकंदांत कोण किती वेळा मान वळवून बघतो ते मोजलं. जे जास्त बघतात त्यांचे पास जास्त यशस्वी, विशेषतः पुढं दिलेले. जेरार्ड, लॅम्पार्ड, बार्सिलोनाचा झावी ही सगळी मानवाली मंडळी. आमच्या कॅप्टनला हा अभ्यास माहीत असण्याचं कारण नाही. त्याला फक्त पोट सुटल्यावर खेळायचं कसं ते माहीत होतं.

मुंबईच्या कूपरेज मैदानावर पहिली लीग मॅच खेळलो तेव्हा सत्तावन्न मिनिटं टिकलो. पुढं हळूहळू जागा मिळत गेली. त्या मोसमात अकरा मॅच सुरुवातीपासून खेळलो. मुंबईत तेव्हा महिंद्रा युनायटेडसारखा संघ होता, ज्यानं २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली. असल्या संघाच्या शहरात खेळायचं म्हणजे दर आठवड्याला कुणीतरी तुमचं आणखी एक गुपित उघडं पाडणार. माझा डावा पाय तिसऱ्याच मॅचला उघडा पडला. समोरच्यानं मला उजवीकडं जाऊच दिलं नाही. अख्खा हाफ मी डावीकडं ढकलला गेलो, गुरांना वाड्याकडं वळवतात तसा. सोमवारपासून मी एकटा भिंतीवर डाव्या पायानं बॉल मारत होतो. कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती.

मे महिन्यात पेठेच्या स्पर्धेसाठी घरी आलो. पहिल्या मॅचला मैदानावर उतरलो आणि पाच मिनिटांत वाटलं, आज सगळ्यांना झालंय काय? इतके सावकाश का खेळतायत? बॉल माझ्याकडं यायचा, मी आधीच दोनदा मान वळवलेली असायची, आणि बॉल पायाशी आल्यावरसुद्धा समोरचा तीन-चार पावलं लांब. चहा पिऊन घ्यावा इतका वेळ. मी काही जलद झालो नव्हतो. पळण्याचं घड्याळ लावलं असतं तर कदाचित आदल्या वर्षीपेक्षा सेकंदभर मागंच असतो. डाव्या पायानं पास दिला तेव्हा गॅलरीतून एक जण ओरडला, "आरं, ह्याला डावा पाय कधी फुटला?"

हे पहिलं वर्ष. इथवरच लिहून थांबलो असतो तर 'मोठ्या लीगमध्ये जा, मोठे व्हा' असं सांगून मोकळा झालो असतो.

दुसऱ्या वर्षी कोच बदलला आणि माझ्या जागेवर दोन नवे खेळाडू आले, दोघेही माझ्यापेक्षा चांगले. सात महिन्यांत मी दोन मॅच खेळलो, त्याही शेवटची दहा-दहा मिनिटं. सराव मात्र रोज. सरावात माझा पहिला टच पूर्वीपेक्षा सुधारला होता, बोटं दहापैकी नऊ वेळा बरोबर यायची. पण मॅचचा म्हणून एक वेगळा स्नायू असतो आणि तो सरावात वाढत नाही. शून्य-शून्य असताना, मिनिट ऐंशी, समोर दोन जण आणि मध्ये फटीतून पास द्यावा की मागं द्यावा, हे ठरवण्याची भीड चेपते ती फक्त मॅचमध्ये. त्या मिळालेल्या दहा मिनिटांत मी प्रत्येक पास मागं दिला. चूक नको. चूक झाली तर पुढच्या वेळी ही दहा मिनिटंही जातील. त्या मे महिन्यात घरी आलो तर पेठेच्या मॅचमध्येही मागंच पास देत होतो. गॅलरीतला तोच माणूस आता काही ओरडला नाही.

नोकरीत कायम करायचं आश्वासन कुठल्या फाइलीत राहिलं कळलं नाही. मी पुण्यात विमा कंपनीत लागलो. आता रविवारी चाळिशीपारांच्या संघात खेळतो, गुडघ्याला पट्टा बांधून.

म्हणून मार्टिन ओडेगार्डची गोष्ट मला दुसऱ्यांपेक्षा जरा जास्त आत लागते. नॉर्वेतल्या द्रामेन गावचा मुलगा. पंधराव्या वर्षी स्ट्रोम्सगोडसेटकडून पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये आणि त्याच वर्षी, २०१४ला, देशाच्या संघात. युरोपातले झाडून सगळे मोठे क्लब मागं लागले. बाप-लेक एकेका क्लबच्या मैदानावर जाऊन बघून आले, आणि जानेवारी २०१५मध्ये सोळाव्या वर्षी पोरगं रेआल माद्रिदला गेलं. याहून मोठी झेप कुठली? मे महिन्यात रोनाल्डोच्या जागी बदली म्हणून उतरला, रेआलच्या इतिहासातला सगळ्यात लहान खेळाडू. डिजिटल लावण्यासारखाच प्रसंग.

आणि मग दोन वर्षं जवळजवळ काहीच नाही. सराव मोठ्या संघाबरोबर, मॅच मात्र स्पेनच्या तिसऱ्या स्तरावर खेळणाऱ्या ब संघाकडून. ना धड इकडचा ना तिकडचा. पेपरांनी 'वाया गेला' लिहायला सुरुवात केली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, म्हणजे माझ्या भाच्यापेक्षा एक वर्षानं लहान.

मग तो खाली उतरला. मला कौतुक आहे ते याचं. २०१७च्या जानेवारीत हॉलंडमध्ये हेरेनवेनला, लोनवर, म्हणजे काही काळ उसना. दीड वर्षानं आर्नहेमच्या व्हिटेसला. डच लीग माद्रिदपेक्षा पुष्कळ खालची, पण तिथं तो दर आठवड्याला खेळत होता, चुकत होता, आणि चुकून पुन्हा पुढच्या आठवड्यात खेळत होता. तिथून २०१९ला स्पेनमध्येच रेआल सोसिएदाद, पुन्हा लोनवर. फेब्रुवारी २०२०मध्ये चषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात माद्रिदच्याच बेर्नाबेऊ मैदानावर सोसिएदादनं माद्रिदला ४-३ हरवलं आणि पहिला गोल ओडेगार्डचा. त्यानं आनंदसुद्धा साजरा केला नाही. मालक अजून माद्रिदच होता ना! २०२१ला आर्सेनल, पुढच्या वर्षी तेविसाव्या वर्षी तिथला कॅप्टन.

त्याची मॅच लागली की फक्त त्याची मान बघा. बॉल दुसऱ्या टोकाला असतो तेव्हासुद्धा हा सारखा डावीउजवीकडं बघत असतो, रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीसारखा. माद्रिदमध्ये सरावाला मॉड्रिच आणि क्रूस होते, त्यांच्याकडून तो शिकलाच असणार. पण शिकलेलं अंगात मुरलं ते हॉलंडच्या मैदानांवर, असं माझं ठाम मत आहे. यावर कुणाला भांडायचं असेल तर रविवारी मैदानावर या.

मॉड्रिचचं नाव निघालंच आहे तर त्याचीही जिना चढण्याची तऱ्हा मजेशीर आहे. दिनामो झाग्रेबनं २००३मध्ये अठरा वर्षांच्या या किडकिडीत पोराला कुठं पाठवलं? बोस्नियाच्या लीगमध्ये, मोस्तारच्या झ्रिन्स्कीकडं. दर्जानं ती लीग वरची नव्हे. पण तिथं मैदानं खराब, डिफेंडर अंगावर येणारे, रेफ्री सहनशील. अगदी आमचं शाहू स्टेडियम! तिथं तो लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढं झाग्रेब, २००८ला टॉटनहॅम, २०१२ला माद्रिद. माद्रिदमधल्या पहिल्याच मोसमात तिथल्या एका क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला वर्षातली सगळ्यात वाईट खरेदी ठरवलं होतं. २०१८ला बॅलन डी'ओर, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. म्हणजे लीग बळकट असते ती फक्त वरच्या पायरीवर असल्यानं नव्हे. तुमच्यात जे कमी आहे ते जी मागते, ती तुमच्यासाठी बळकट. मॉड्रिचला अंगावर घेणं शिकायचं होतं. आम्हा कोल्हापूरकरांना ते जन्मतः येतं, आम्हाला मान वळवायची शिकवणारी हवी.

आपल्याकडचे दाखले भाच्याला तोंडपाठ आहेत, त्यामुळं तोच मला ऐकवत होता. "मामा, सुनील छेत्री बाहेर जाऊन काय झालं?" प्रश्न चुकीचा नाही. छेत्री २०१०ला अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला, स्पर्धेतली म्हणावी अशी मॅच एकच मिळाली. २०१२ला लिस्बनच्या स्पोर्टिंगच्या ब संघात गेला, तिथंही मोजून थोड्या. पुढच्या वर्षी लोनवर गोव्यात चर्चिल ब्रदर्सकडं आला आणि चर्चिल आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सगळ्यात वरची लीग, जिंकून बसलं. देशासाठी नव्वदीच्या वर गोल मारलेला माणूस घडला तो इथंच. गुरप्रीतसिंग संधूचं उलटं. २०१४ला ईस्ट बंगाल सोडून नॉर्वेच्या स्टाबेकला गेला. गोलकीपरची जागा एकच, त्यामुळं वाट बघणं आलंच. पण २०१६ला युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरला, असा पहिला भारतीय, आणि परतला तो पुढं कित्येक वर्षं देशाचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर म्हणूनच. गोलकीपरला बाक कमी बाधतो की काय कोण जाणे; त्याच्याकडं रोज सरावात चांगले लोक शॉट मारत असतात, हेही आहेच.

आणि आमचा अनिकेत जाधव. कोल्हापूरचा, १७ वर्षांखालच्या २०१७च्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला. त्या वर्ल्ड कपमध्ये आपण तिन्ही मॅच हरलो: अमेरिका, कोलंबिया, घाना. त्यानंतर त्यातल्या बऱ्याच पोरांना मोठ्या क्लबांच्या बाकावर विखरून देण्याऐवजी इंडियन अ‍ॅरोज म्हणून एकत्र आय-लीगमध्ये उतरवलं. थोराड परदेशी डिफेंडरांसमोर सतरा-अठराची पोरं. तक्त्यात तळाला राहिली. लोक हसले. पण दर आठवड्याला खेळली, हरली म्हणून त्यांना कुणी बाकावर बसवलं नाही. तिथून अनिकेत आयएसएल या देशातल्या मोठ्या लीगमध्ये जमशेदपूर, हैदराबाद असा वर गेला. मध्ये काही महिने इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सकडं सरावही करून आला, जो क्लब २०१०पासून आपल्या पुण्याच्या व्यंकीजचा आहे. कोल्हापुरात आज बॉल लाथाडणाऱ्या प्रत्येक पोराच्या आईला अनिकेतचं नाव माहीत आहे. ताईलाही आहे, म्हणून तर तिला रात्रीची झोप नाही.

भाच्याशी बोललो तेव्हा मी त्याला जपानचं एक उदाहरण दिलं. १९९८ला जपान पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेलं तेव्हा संघातला एकूण एक खेळाडू जपानमध्येच खेळणारा होता. तिन्ही मॅच हरले. त्याच उन्हाळ्यात नाकाता इटलीत पेरूजाला गेला आणि पहिल्याच मॅचला युव्हेंटसवर दोन गोल मारले. २०२२च्या वर्ल्ड कपला २६ जणांच्या संघात १९ युरोपात खेळणारे होते, आणि त्या संघानं जर्मनी आणि स्पेन दोघांनाही हरवलं. आता ही आकडेवारी एका बाजूनं ऐकायला छान. पण त्याच संघातला मितोमा घ्या. अठराव्या वर्षी कावासाकी क्लबनं त्याला मोठ्या संघात घेतो म्हटलं. तो नाही म्हणाला! अंगानं अजून तयार नाही, बाकावर बसण्यापेक्षा कॉलेजकडून खेळतो, म्हणून त्सुकुबा विद्यापीठात गेला. तिथं ड्रिब्लिंगवरच प्रबंध लिहिला, खेळाडूंच्या डोक्याला कॅमेरे लावून, कोण कुठं बघतो ते तपासत. (पुन्हा डोळे आणि मान! मी काही मुद्दाम आणत नाहीये.) मग कावासाकी, मग २०२१ला ब्रायटननं घेतलं, पण लगेच इंग्लंडला न नेता एक वर्ष बेल्जियमच्या युनियन सेंट-झिल्वाकडं ठेवलं. पुढच्या मोसमात प्रीमियर लीगमधले डिफेंडर त्याच्या मागं धावताना आपण सगळ्यांनी पाहिले.

"म्हणजे जाऊ की नको?" भाचा म्हणाला. त्याला जपानशी काही देणंघेणं नव्हतं.

मी म्हटलं, पगार किती ते विचारू नकोस. विचार, माझ्या जागेवर अजून कितीजण आहेत आणि ते किती वर्षांचे आहेत. विचार, तुमचा वीस वर्षांखालचा संघ आहे का आणि मोठ्या संघात जागा नसेल त्या आठवड्यात मला तिकडून खेळवाल का. कोचला विचार, क्लार्कला नको. त्यानं मान डोलावली. त्याला हे प्रश्न विचारायची लाज वाटणार हे मला दिसत होतं. सम्राटांना प्रश्न विचारायची सवय नसते. शेवटी मीच त्याच्याबरोबर गेलो, रजा टाकून. कोच भला माणूस निघाला. स्पष्ट म्हणाला की दिवाळीपर्यंत मोठ्या संघात घेणार नाही, पण मॅच मिळतील. बाहेर आल्यावर भाचा नाराज. "दिवाळीपर्यंत?" मला मात्र हे उत्तर फार आवडलं. मला २००५ साली असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

कॉलेजला बाहेरून परीक्षा देण्याचा अर्ज केला. ताई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. चौकातलं डिजिटल उतरलं. तिथं आता एका नगरसेवकाचा वाढदिवस आहे.

दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला की मोठ्या संघाच्या अठरात नाव आहे. ताईला घेऊन गेलो. कोल्हापूरहून गोव्याच्या कदंबा बसनं म्हापसा. डब्यात चकली आणि करंज्या, पोरगं उपाशी असल्यासारख्या. दुलेर स्टेडियमच्या कृत्रिम टर्फवर दुपारची मॅच, बघायला दोनेकशे माणसं असतील. ताई इकडंतिकडं बघत म्हणाली, "एवढीच? आपल्याकडं सरावाला येतात एवढी."

सत्तराव्या मिनिटाला त्याला उतरवलं. पहिला बॉल त्यानं तळव्याखाली दाबला. मी डोळे मिटले. उघडले तोवर बॉल गेला होता आणि तो पाठलाग करत होता. दुसरा बॉल तसाच गेला. ताईनं माझ्याकडं बघितलं, त्या बघण्यात सगळं आलं. पुढं पाचसात मिनिटं त्याच्याकडं कुणी पासच दिला नाही. मला ते वीस मिनिटांचं आत उभं राहणं आठवत होतं.

मग डाव्या बाजूनं एक बॉल त्याच्याकडं निघाला. मागनं एक आडदांड पोरगं त्याच्या पाठीवर येताना मला दिसलं आणि वीस वर्षांची सवय, मी कठड्यावरून ओरडलो, "मागं माणूस!" नेमकं त्याच वेळी शेजारी टोपी घातलेले एक म्हातारे ओरडले, "फाटीं!" पण आमचं दोघांचंही तोंड उघडायच्या आधी त्याची मान वळून परत आली होती. बॉल थांबवलाच नाही त्यानं. डाव्या पायानं, एका टचमध्ये, पुढं धावणाऱ्या विंगरच्या दिशेनं. मागचं पोरगं हवेत आलं आणि हवेतच राहिलं.

मी ताईचा हात घट्ट धरला.

"काय झालं?" ती म्हणाली. "गोल झाला काय?"

"नाही. पास जरा लांब गेला. बाहेर गेलाय बॉल, थ्रो-इन त्यांना."

"मग तू रडतोयस कशाला?"